कात्रीचे तेरा टॅग

१

पेटी उघडली तेव्हा सुतार कानावरची पेन्सिल हातात घेऊन माप घ्यायला तयार उभा होता. पेटीत मखमलीचा खळगा होता, कात्रीच्याच आकाराचा. कात्री मात्र नव्हती.

“आता काय खळग्याचं माप घेऊ?” सुताराने विचारलं. त्याने ते साध्या मनाने विचारलं होतं, पण धाकट्या मास्तरांनी त्याला जिन्यापर्यंत हाकलत नेलं.

धाकटे मास्तर म्हणजे मास्तरांचा मुलगा. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण बापाच्या नावावर खाली दुकान चालत होतं, आणि येत्या आठवड्यात मोठ्या रस्त्यावर नवी शोरूम उघडायची होती. शोरूमच्या दर्शनी भागात काचेचं कपाट, त्यात ही कात्री, आणि खाली पितळी पाटी: ‘मास्तरांची कात्री’. निमंत्रणं छापून वाटून झाली होती.

खुद्द मास्तर तिथेच पलंगावर पडून होते. चाळीस वर्षं त्यांनी याच खोलीत कोट बेतले. त्यांच्या कोटात पोक आलेला माणूसही ताठ दिसतो, अशी त्यांची ख्याती. बेतायची वेळ झाली की खोलीचं दार आतून बंद व्हायचं. कात्रीला कोणी हात लावायचा नाही आणि बेतताना कोणी बघायचं नाही, हा नियम. आत फक्त बायको असायची, खडू द्यायला आणि टेप धरायला. दोन वर्षांपूर्वी मास्तरांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बेतायच्या खोलीची आजाऱ्याची खोली झाली. डोकं मात्र शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हे काही फार मोठं सुख नव्हतं.

आत्ता मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सिस्टर ते पुसत होती. सिस्टर म्हणायचं एवढंच, तिच्याकडे नर्सिंगचा कागद नव्हता. पुढच्या महिन्यात तिचं नर्सिंगचं शिक्षण सुरू व्हायचं होतं. तीन वर्षं परीक्षा देऊन मिळवलेली जागा होती ती, आणि त्यासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता.

“टॅगबाईला बोलवा,” धाकटे मास्तर ओरडले. “चोर काय घरात मांडून ठेवणार आहे? ऑनलाइनच विकणार.”

टॅगबाई तासाभरात आली. बावीस वर्षं एका ग्रंथालयात तिने पुस्तकांच्या विषयांची सूची केली होती. ग्रंथालय बंद पडल्यावर ती छोट्या दुकानांच्या मालाला टॅग लावून द्यायची. ऑनलाइन बाजारात वस्तू टाकली की तिच्याखाली तेरा शब्दांची जागा मिळते. गिऱ्हाईक शोधताना जे लिहील तेच त्या जागांत असलं तर वस्तू दिसते, नसलं तर गोदामात धूळ खात पडते. ते तेरा शब्द निवडणं हा टॅगबाईचा धंदा. या दुकानाचं कामही तिच्याचकडे होतं.

ती पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसली आणि मोबाइलवर शोधू लागली. पंधरा मिनिटांत तिने स्क्रीन धाकट्या मास्तरांपुढे धरली. पांढऱ्या, निळ्या काठाच्या चादरीवर कात्री. मुठीला काळा दोरा गुंडाळलेला. विकणाऱ्याचं नाव नाही, नुसता आकडा.

“हीच!” धाकटे मास्तर म्हणाले. “आणि चादर आपली! घ्या, आत्ताच्या आत्ता विकत घ्या. दुसऱ्या कोणी घेतली तर माझी शोभा होईल.”

टॅगबाईने ‘विकत घ्या’वर बोट टेकवलं. त्याच क्षणी पलंगाशेजारच्या टेबलावर, औषधांच्या बाटल्यांमध्ये ठेवलेला एक मोबाइल टिंग करून वाजला. स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘अभिनंदन! तुमची वस्तू विकली गेली.’

मोबाइल सिस्टरचा होता.

२

पुढचा अर्धा तास टॅगबाईला नंतर कधी आठवावासा वाटला नाही. धाकट्या मास्तरांनी सिस्टरची पिशवी जमिनीवर पालथी केली. डबा, रुमाल, कंगवा, अभ्यासाची वही आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं प्रवेशाचं पत्र. पत्र त्यांनी खिशात घातलं.

“मी नाही हो केलं,” सिस्टर म्हणत होती. “फोन तर इथेच पडलेला असतो. साहेबांना व्यायामाची फिल्म लावते ना, म्हणून त्याला कुलूपसुद्धा नाही. कोणीही घेतं.”

“कोणीही म्हणजे कोण? मी? माझी आई?”

मास्तरांची बायको, जिला दुकानातले सगळे काकू म्हणत, दारात उभी राहून बघत होती.

कात्री परत मिळणार होती, एवढं नक्की. त्या बाजाराची पद्धत अशी की माल आधी त्यांच्या गोदामात जमा करावा लागतो आणि मग यादीत चढतो. दुकानाची पार्सलं रोज घरातल्या जिन्याखाली ठेवलेली असायची, कुरिअरवाला न मोजता उचलायचा. त्यात एक जास्तीचं कधीच निघून गेलं होतं. ते आता उद्या दुपारी टॅगबाईच्या नावाने याच पत्त्यावर येणार होतं.

“पार्सल उघडू, कात्री आपलीच आहे याची खात्री करू आणि मग हिला पोलिसांच्या हवाली,” धाकटे मास्तर म्हणाले. “तोवर ही इथून हलणार नाही. कुठल्या कॉलेजात जाते तेच बघतो.”

सिस्टरला बोळात एका स्टुलावर बसवलं. मास्तरांना भरवायची वेळ झाली तेव्हा मात्र तिलाच उठवून आत पाठवलं, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. भरवून झाल्यावर ती मुकाट्याने परत स्टुलावर येऊन बसली.

टॅगबाई निघाली होती. चप्पल पायात सरकवता सरकवता तिने सवयीने कात्रीच्या फोटोखालचे टॅग वाचले. मग चप्पल काढून ती परत वर आली.

टॅग भलतेच चांगले होते.

३

तेरा जागा होत्या आणि तेराही भरलेल्या होत्या. डावखुरी कात्री. लहान हाताची कात्री. अंगठा न सोलणारी. मनगट न दुखणारी. जाड लोकर कापायला. उरेब न सरकणारी. दिवसभर बेतायला. असेच बाकीचे.

हे टॅगबाईचंच शिकवणं होतं. महिन्यापूर्वी याच घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून तिने दुकानाच्या माणसांना धडा दिला होता. “विकणारा वस्तूचं कौतुक लिहितो,” ती म्हणाली होती, “आणि घेणारा आपलं दुखणं लिहून शोधतो. म्हणून तुम्ही कौतुक लिहू नका, दुखणं लिहा. ‘उत्कृष्ट कोट’ कोणी शोधत नाही. ‘पोट न दिसणारा कोट’ शोधतात.” सगळे हसले होते, कारण धाकट्या मास्तरांना पोट होतं.

त्या दिवशी टेबलाशी कोण होतं? धाकटे मास्तर, ते अर्धा वेळ फोनवर होते. मास्तरांनंतर बेतायला बसवलेला कटर, आधी त्यांच्याच हाताखाली शिवणारा, तो जांभया देत होता. चहा घेऊन आलेली आणि मग दाराशी रेंगाळलेली सिस्टर. आणि कोपऱ्यात बटणं टाचत बसलेल्या काकू. बस, चारच जण.

आणखी एक गोष्ट. साधा चोर असता तर त्याने ‘जुनी’, ‘दुर्मीळ’, ‘शोभेची’ असं लिहिलं असतं, म्हणजे हौशी लोकांनी चढाओढ केली असती. इथे तसा एकही शब्द नव्हता. ज्याने हे लिहिलं त्याला गिऱ्हाईक हौशी नको होतं, बेतणारं हवं होतं.

टॅगबाई आधी खाली दुकानात कटरकडे गेली. भला दांडगा माणूस, पंजा परातीएवढा. त्याच्या टेबलाखाली गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या कोटांची चळत होती. खांदा ओढतो, पाठीत चुणी पडते, मास्तरांची सर नाही, अशा चिठ्ठ्या त्यांना टाचलेल्या होत्या. त्याने फोटो बघितला आणि ओठ मुडपले.

“फोटो उलटा आलाय. आरशात दिसतं तसा. पाती बघा ना, खालचं वर आलंय.”

“आणि हा टॅग? डावखुरी?”

“फोटो बघून लिहिलं असेल कुणी येड्याने. मास्तर चांगले उजवे होते. त्या उजव्या हाताने त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर दोनदा थोबाडीत दिली आहे, तेव्हा मला विचारा.”

“तुम्ही कधी हातात घेतली होती ती?”

“हात लावला असता तर तिसरी बसली असती.”

बोळात सिस्टर स्टुलावर पाय जवळ घेऊन बसली होती. टॅगबाईने तिला विचारलं, “उरेब म्हणजे काय गं?”

सिस्टरने घाबरून विचार केला. “कापडाचा रंग जातो, ते का?”

टॅगबाईने धाकट्या मास्तरांनाही तेच विचारलं. त्यांनी आधी तिच्याकडे, मग छताकडे बघितलं आणि म्हणाले, “ही बडबड करायला मी तुम्हाला बोलावलं नव्हतं.” वारसदारालाही उरेब ठाऊक नव्हतं. उरेब म्हणजे कापड तिरपं बेतणं, आणि कोटाची कॉलर त्यावरच बसते किंवा बसत नाही.

राहिला कटर. त्याला उरेब ठाऊक होतं, मास्तरांवर रागही होता. पण ही कात्री लहान हाताला बसते, हे त्याला कसं कळणार? आणि दिवसभर चालवूनही ती अंगठा सोलत नाही, हे तर फोटोत दिसतच नाही. ते ज्याने वर्षानुवर्षं ती चालवली त्यालाच कळतं.

पण ती चालवणारा तर दोन वर्षं पलंगावर पडून होता, आणि तो डावखुरा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅगबाई काकूंच्या खोलीत गेली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. बुटक्या, बारीक, नेटक्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.

“ये,” त्या म्हणाल्या. “आलीच आहेस तर एवढं झाकण उघडून दे. अंगठ्याने दगा दिलाय.”

मलमाची नळी होती. टॅगबाईने झाकण फिरवलं. काकूंनी उजव्या हाताच्या बोटावर मलम घेतलं आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चोळायला सुरुवात केली. सांधा सुजून गाठीसारखा झाला होता, आणि वरची कातडी जोड्याच्या तळासारखी निबर.

“काकू, तुम्ही बटणं तर उजव्या हाताने टाचता.”

“जेवतेही उजव्यानेच. लहानपणी डावा हात पाठीमागे बांधून ठेवायचे, म्हणजे वळण लागावं म्हणून. लागलं.”

“मग डावा अंगठा कशाने झिजला?”

काकूंचं चोळणं थांबलं नाही. “चाळीस वर्षं टेप धरला ना,” त्या म्हणाल्या. “जा तू आता. त्यांच्यापाशी बसायची माझी वेळ झाली.”

टॅगबाई बाहेर आली, पण जिना उतरली नाही. मास्तरांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. काकू आत पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या, टेबलावरून सिस्टरचा मोबाइल उचलला आणि चष्मा लावला. मग देवापुढे पोथी वाचावी तशा त्या सावकाश वाचू लागल्या.

“डावखुरी कात्री. लहान हाताची कात्री. अंगठा न सोलणारी.”

मास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“अहो, डोळे उघडा,” काकू मऊ आवाजात म्हणाल्या. “अजून दहा राहिलेत.”

५

टॅगबाई आत शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

“तुम्ही बेतत होता. सगळे कोट.”

काकूंनी चष्मा काढला. त्यांना धक्का वगैरे बसला नव्हता. उलट, इतका वेळ लागला याचंच नवल वाटलेलं दिसत होतं.

“लग्नानंतर चारच महिन्यांत कळलं यांना की माझा हात यांच्यापेक्षा बरा आहे. मग ही कात्री मुद्दाम घडवून आणली, माझ्या मापाची. मला काय आनंद झाला होता! मग दार लावलं. हे या खुर्चीत बसायचे आणि बाहेर ऐकू जाईल असं खाकरायचे. चुकलं की मापाचा लाकडी गज बसायचा. उजव्या हातावर. डावा दुकानाचा होता ना, त्याला इजा करून कसं चालेल?”

पलंगावरून घशातला एक आवाज आला. काकूंनी तिकडे बघितलंही नाही.

“हे पडले तेव्हा मला वाटलं, सुटले. आता दार उघडेल. पण मुलाने खालच्या कारागिराला कटर केलं. मी म्हटलं, मी बघू का जरा? तर हसला. म्हणाला, आई, तू खडू दे. आता काचेत ठेवणार होते कात्री, खाली यांच्या नावाची पाटी लावून. मी म्हटलं, नाही. ज्याला चालवता येईल त्याच्याकडे जाऊ दे. तू शिकवलंस तसं लिहिलं. दुखणं लिही म्हणालीस ना? ते मला पाठ होतं.”

टॅगबाईला क्षणभर या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. मग तिला बोळातलं स्टूल आठवलं.

“आणि सिस्टर? तिच्या फोनवरून का?”

“माझ्याकडे फोन आहे का?”

“दुपारी तिला पोलिसांकडे देणार आहेत. तिचं आयुष्य मातीत जाईल. एक शब्द बोला, काकू.”

“बोलायचं नाही, हे चाळीस वर्षं शिकले,” काकू म्हणाल्या. “आता तू सांग जाऊन. म्हातारीला चळ लागलाय म्हणतील आणि तुला हाकलतील.”

ते खरंच होतं. टॅगबाईकडे पुरावा काय? सुजलेला अंगठा आणि तेरा शब्द. धाकटे मास्तर बापाचं नाव पुसायला तयार होणार नव्हते, कारण त्या नावावर शोरूम उभी होती.

खाली दाराची घंटा वाजली. पार्सल वेळेआधीच आलं होतं.

६

जेवणाच्या टेबलावर पार्सल उघडलं. कात्री निघाली, काळ्या दोऱ्याच्या मुठीची, चकचकीत तेल लावलेली. धाकटे मास्तर, कटर, काकू सगळे भोवती. सिस्टर भिंतीला टेकून उभी.

“आपलीच,” धाकटे मास्तर म्हणाले आणि फोन उचलला.

“एक मिनिट,” टॅगबाई म्हणाली. “फोटो उलटा नव्हता. बघा, कात्रीच डावखुरी आहे. कटरसाहेब, चालवून बघा.”

काळ्या लोकरीचा तुकडा तिने खालून आणून ठेवलाच होता. कटरची दोनच बोटं मुठीत शिरली. त्याने दात-ओठ खाऊन पाती दाबली. कापड कापलं गेलं नाही, पात्यांमध्ये दुमडून अडकलं. मग सिस्टरच्या हातात दिली. तिच्याकडून कापड नुसतं चुरगळलं. धाकट्या मास्तरांनी स्वतः घेतली आणि बोट चिमटून घेतलं.

“मास्तर उजवे होते,” टॅगबाई म्हणाली. “ही त्यांना चालवता येणं शक्य नाही. हे टॅग ज्याने लिहिले त्याने वर्षानुवर्षं ही चालवली आहे. त्याचा हात लहान आहे, डावा आहे आणि त्याला उरेब कळतं. सिस्टरला कळत नाही, मी तपासलंय.”

“माझ्या बापाला खोटं ठरवता?” धाकट्या मास्तरांचा चेहरा लाल झाला. “चालत्या व्हा घरातून!”

काकू भिंतीकडे बघत होत्या. जणू दुसऱ्याच्या घरचं भांडण चाललंय. सिस्टरने एकदा त्यांच्याकडे आशेने बघितलं. काहीच मिळालं नाही, तेव्हा मान खाली घातली. या बाईला दया येणार नाही, हे टॅगबाईने ओळखलं. दया तिच्यातून केव्हाच मारून काढली गेली होती. पण आणखी एक गोष्ट मेलेली नव्हती. तिथे हात घालणं क्रूर होतं, आणि टॅगबाईने तो घातला.

“कटरसाहेब, मग तुमचं काय मत?”

“भंगार आहे,” कटर म्हणाला. मास्तरांवरचा सगळा राग त्या शब्दात होता. “याने काय कोट बेतणार? पात्याला पकड नाही, वजन चुकलंय. नुसता गाजावाजा.”

“तुम्ही जाणकार. तुम्ही म्हणता तर भंगारच असेल,” टॅगबाई म्हणाली. “देऊन टाकू भंगारवाल्याला. नाही का काकू?”

काकूंच्या जबड्याची शीर ताठ झाली. त्या हलल्या नाहीत. कटरने कात्री उचलली आणि टेबलाच्या कडेला धाडकन आपटून दाखवली. “बघा, खडखडते.”

“ठेव ती खाली,” काकू म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण कटरने कात्री निमूट ठेवली. काकू पुढे आल्या. त्यांनी लोकर झटकली, दुहेरी केली, एकदाच तळव्याने सपाट केली. खडू मागितला नाही. सुजलेला डावा अंगठा मुठीत घालताना कपाळावर घाम फुटला, पण तो आत गेला. मग कात्री चालली. न थांबता, न उचलता, एका लांब सरसर आवाजात ती बगलेच्या वळणावरून फिरली आणि मनगटाशी बाहेर पडली. एका कोटाची पूर्ण बाही टेबलावर वेगळी होऊन पडली होती.

कटरने ती उचलली. दोन्ही थर कडेला कड लावून बघितले. सुताचाही फरक नव्हता. तो खुर्चीत बसला.

“मीच टाकली होती विकायला,” काकू म्हणाल्या. “आता कर पोलिसांना फोन.”

७

धाकट्या मास्तरांनी फोन खिशात ठेवला. त्याच खिशातून प्रवेशाचं पत्र काढून सिस्टरपुढे धरलं.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “बाहेर वाच्यता नको. आणि उद्यापासून येऊ नकोस, उगाच तोंडाला तोंड नको.”

सिस्टरने पत्राची घडी तपासली. वस्तू पिशवीत भरल्या, डबा, रुमाल, वही. जाताना ती काकूंपुढे थांबली.

“काकू, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं. “काही नाही. तू रोज त्यांचं तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, किती शांत माणूस आहे हो. मला ते ऐकवत नव्हतं.”

“मला काय ठाऊक होतं?”

“नव्हतं ठाऊक,” काकू म्हणाल्या. “तरी ऐकवत नव्हतं.”

सिस्टर जिना उतरून गेली. तिला कोणी सॉरी म्हणालं नाही, टॅगबाईसुद्धा नाही. टॅगबाईला ते खालचं फाटक वाजल्यावर सुचलं.

धाकटे मास्तर बाही हातात घेऊन उलटसुलट करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लाज यायला हवी होती. आली होती ती तरतरी.

“आई, अगं हे आधी का नाही सांगितलंस? सगळे परत आलेले कोट निस्तरले असते! आता असं करू. तू आतल्या खोलीत बेतायचं. दार लावून, म्हणजे तुला त्रास नको. बाबांचा पलंग बाहेर काढू.”

“राहू दे पलंग,” काकू म्हणाल्या. “त्यांना बघू दे.”

“बरं, राहू दे. मॅडम, तुम्ही नवीन यादी करा. ‘मास्तरांच्या हातचा कोट’ हा टॅग पहिला. बाकीचे बारा तुम्ही बघा.” आणि शोरूमच्या सुताराला फोन लावत ते गॅलरीत गेले. काचेच्या कपाटात ठेवायला दुसरी कुठलीतरी कात्री आणायची होती.

टॅगबाईने मोबाइल काढला. काकू टेबलाशी उभ्या राहून अंगठा चोळत होत्या. त्या म्हणाल्या, “तेरा जागा असतात ना?”

“हो.”

“एकीत माझं नाव घाल की. सगळ्यात शेवटच्या जागी घाल. त्याला कळणारसुद्धा नाही.”

टॅगबाईला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या धंद्यात ती एकाच गोष्टीबद्दल कधी खोटं बोलली नव्हती.

“घालून उपयोग नाही, काकू. लोकांना जे ठाऊक असतं तेच लोक शोधतात. तुमचं नाव कोणी शोधणार नाही.”

काकूंनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप ऐकून घ्यावं तशी.

“मग त्यांचंच घाल,” त्या म्हणाल्या आणि कात्री घेऊन आतल्या खोलीत गेल्या.